बोर्डात पहिला आलेला धावपटू

जिममधल्या ट्रेडमिलवर मी 'बारा'वर धावतो. बारा म्हणजे ताशी बारा किलोमीटर. दहा मिनिटांत तोंडाला फेस येतो, मग मी घड्याळाकडे बघत बघत हळूच वेग दहावर आणतो आणि शेजारचा बघत नाहीये ना याची खात्री करून घेतो. आज ज्याच्याबद्दल लिहितोय तो ॲलन वेब नावाचा माणूस 2007 साली एक मैल सरासरी ताशी साडेपंचवीस किलोमीटर वेगाने धावला होता. आमच्या जिमच्या मशीनवर तो आकडाच नाहीये!

आणि तरीही त्याच्याबद्दल कुठेही वाचलं की शेवटी एक वाक्य येतंच, 'खूप गुणवत्ता होती, पण...'. ह्या 'पण'ने मला बरेच दिवस छळलंय. म्हणून हा लेख.

आधी थोडं मैलाबद्दल. मैल म्हणजे 1609 मीटर. चारशे मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या आणि वर नऊ मीटर. 6 मे 1954 ला रॉजर बॅनिस्टरने ऑक्सफर्डला तो 3 मिनिटं 59.4 सेकंदांत पार केला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या ट्रेनिंग प्रोग्रॅममध्ये ऐकलीय. त्या कथेत न सांगितली जाणारी गोष्ट अशी की बॅनिस्टर डॉक्टरीचा विद्यार्थी होता आणि त्याच वर्षी स्पर्धात्मक धावणं सोडून तो डॉक्टरकीकडे वळला. धावणं हे त्याचं पोट भरण्याचं साधन नव्हतंच. तेव्हा ते कुणाचंच नव्हतं. निदान अधिकृतपणे तरी नाही. पैसे घेतले की ऑलिंपिकचा दरवाजा बंद!

दहा वर्षांनी, 1964 मध्ये, कॅन्ससमधला जिम रायन शाळेत असतानाच चार मिनिटांच्या आत धावला. पुढच्या वर्षी 3:55.3. त्या शर्यतीत त्याने ऑलिंपिक विजेत्या पीटर स्नेलला हरवलं. 1966 मध्ये विश्वविक्रम, 1968 मध्ये मेक्सिकोला केनियाच्या किप केनोमागे रौप्य, 1972 मध्ये म्युनिकला प्राथमिक फेरीतच पाय अडकून पडला. त्यानंतर तो एका नव्या व्यावसायिक सर्किटमध्ये गेला. केनोसुद्धा तिथे होता. ते सर्किट 1976 मध्ये बंद पडलं. 1982 नंतर ट्रस्ट फंडाच्या मार्गाने खेळाडूंना पैसे घेता यायला लागले आणि हळूहळू 'प्रोफेशनल धावपटू' ही एक रीतसर नोकरी झाली. बुटांच्या कंपनीशी करार, बोनस, आणि कामगिरी घसरली तर पैसे कापण्याची कलमं. थोडक्यात काय, ॲप्रेझल आलं.

आता वेब. जन्म जानेवारी 1983, वाढला व्हर्जिनियातल्या रेस्टनमध्ये. शाळेतला कोच स्कॉट राझ्को. 20 जानेवारी 2001 ला न्यूयॉर्कच्या आर्मरी नावाच्या इनडोअर ट्रॅकवर तो 3:59.86 धावला. वय अठरा वर्षं आणि एक आठवडा. 1967 मध्ये मार्टी लिक्वोरीने चार मिनिटांचा टप्पा ओलांडला होता, त्यानंतर 34 वर्षं एकाही अमेरिकन शाळकरी मुलाला ते जमलं नव्हतं.

पण खरा धमाका झाला 27 मे 2001 ला. ऑरेगनमधलं यूजीन, हेवर्ड फील्ड. शर्यतीत मोरोक्कोचा हिशाम अल गरूज, ज्याचा 1999 मधला विश्वविक्रम होता 3:43.13. बाकी सगळे जागतिक दर्जाचे गडी आणि एक शाळकरी पोरगा. अल गरूज जिंकला. पोरगा पाचवा आला. वेळ 3:53.43! रायनचा 36 वर्षं जुना शालेय विक्रम जवळजवळ दोन सेकंदांनी मोडला.

आपल्याकडे पूर्वी बोर्डाची मेरिट लिस्ट लागायची ते आठवतंय? पहिल्या आलेल्या मुलाचा पेढा खातानाचा फोटो पेपरात यायचा. मग वीस वर्षांनी कुणीतरी विचारायचं, 'अरे तो अमुक बोर्डात पहिला आला होता ना, त्याचं पुढे काय झालं?' आणि उत्तर 'बँकेत आहे' असं आलं की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक बारीक समाधान. वेबचा पेढ्याचा फोटो त्या दिवशी निघाला. पुढची तेरा वर्षं लोक तोच फोटो घेऊन त्याच्या मागे फिरत होते.

तो मिशिगन विद्यापीठात गेला, रॉन वॉरहर्स्ट ह्या कोचकडे. एकच वर्ष टिकला. दुखापत झाली, मन रमेना. 2002 मध्ये कॉलेज सोडून त्याने नाइकीशी करार केला आणि परत आपल्या शाळेच्या कोचकडे आला. तेव्हाचा नियम असा की कंपनीचे पैसे घेतले की कॉलेजच्या स्पर्धा बंद. अधलंमधलं काही नाही. (2021 पासून हा नियम सैल झाला. आताची पोरं कॉलेजात राहून प्रायोजकांचे पैसे घेऊ शकतात. वेब वीस वर्षं आधी जन्मला म्हणायचं.) म्हणजे एकोणिसाव्या वर्षी त्याला ठरवायचं होतं, शिकत शिकत हळूहळू वाढायचं की आत्ताच बाजारात उतरायचं. एकोणिसाव्या वर्षी मी कॅन्टीनमध्ये समोसा की वडा हे ठरवत होतो.

2004 मध्ये तो अमेरिकेची निवड चाचणी जिंकला आणि अथेन्सला प्राथमिक फेरीतच बाद झाला. 2005 मध्ये मैल 3:48.92, पण हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत लवकर पुढे निघून शेवटी नववा.

आणि मग 2007. जुलैमध्ये पॅरिसला 1500 मीटर 3:30.54. 21 जुलैला बेल्जियममध्ये अँटवर्पजवळच्या ब्रासखात नावाच्या गावात, एका छोट्याशा स्पर्धेत, मैल 3:46.91. स्टीव्ह स्कॉटचा 1982 पासूनचा अमेरिकन विक्रम 0.78 सेकंदांनी मोडला. आठवड्याभरात 800 मीटर 1:43.84. असा जुलै फार थोड्या धावपटूंच्या नशिबी येतो. वय चोवीस.

ऑगस्टच्या अखेरीस ओसाकाला जागतिक स्पर्धा. वेब आठवा. सुवर्ण मिळालं बर्नार्ड लगातला, ज्याला वेबने त्याच उन्हाळ्यात राष्ट्रीय स्पर्धेत हरवलं होतं.

असं का होतं? विक्रमाच्या शर्यतीत पुढे पेसमेकर असतो, तो ठरलेल्या वेगाने ओढत नेतो, तुम्ही फक्त मागे चिकटून राहायचं. जागतिक स्पर्धेत पेसमेकर नसतो. काही दिवसांत तीन फेऱ्या, अंतिम शर्यत बऱ्याचदा रेंगाळत चालते, धक्काबुक्की होते, आणि निकाल शेवटच्या तीनशे मीटरमध्ये लागतो. नाव एकच, 1500 मीटर, पण परीक्षा दोन वेगळ्या. वेब पहिलीत अव्वल होता, दुसरीत नाही.

तुलनेसाठी न्यूझीलंडचा निक विलिस बघा. जन्म 1983 चाच, विद्यापीठ मिशिगनच, कोच वॉरहर्स्टच. त्याचा सर्वोत्तम मैल 3:49.83, म्हणजे वेबपेक्षा जवळजवळ तीन सेकंदांनी हळू. पण खात्यात 2008 चं ऑलिंपिक रौप्य आणि 2016 चं कांस्य. 2003 ते 2022 सलग वीस वर्षं दरवर्षी चार मिनिटांच्या आत मैल धावला हा पठ्ठ्या. आता ह्यावरून 'बघा, कॉलेज सोडायला नको होतं' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मलाही झाला. पण एका माणसाची दुसऱ्याशी तुलना करून नियम सिद्ध होत नाही. कॉलेजात राहून दुखापतींनी संपलेलेही ढिगाने असतील, त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही.

2008 मध्ये निवड चाचणीत वेब पाचवा आला, बीजिंग हुकलं. मग कोच बदलले, गावं बदलली, दुखापती आल्या. जुलै 2007 परत आला नाही. 15 फेब्रुवारी 2014 ला तो शेवटची शर्यत धावला. ठिकाण न्यूयॉर्कची आर्मरी. तोच ट्रॅक, जिथे अठराव्या वर्षी त्याने 3:59.86 लावले होते. एकतिसाव्या वर्षी लागले 4:06. नंतर तो ट्रायथलॉनकडे वळला.

हे वाचून आधी मला वाईट वाटलं होतं. आमच्या धंद्यात तिशी जवळ आली की हा प्रश्न रात्री हळूच येऊन बसतो, की आपलं 2007 होऊन तर गेलं नाही ना? कॅम्पसमधून सगळ्यात मोठं पॅकेज घेऊन बाहेर पडलेले मित्र बघतो, त्यांच्यातले काही आता भेटायचं टाळतात. कारण भेटलं की लोक त्यांना आजचं काही विचारत नाहीत, ते पॅकेज आठवून देतात.

पण आकडे परत मांडून बघितले. 3:53.43 पासून 3:46.91 पर्यंत साडेसहा सेकंद. त्या पातळीवर साडेसहा सेकंद म्हणजे डोंगर आहे, आणि तो त्याने सहा वर्षांत, दोन फसलेल्या मोठ्या स्पर्धा पचवून चढला. ज्याला लोक 'वाया गेलेला' म्हणतात, त्याचा विक्रम अमेरिकेत सोळा वर्षं कोणाला मोडता आला नाही. शेवटी 16 सप्टेंबर 2023 ला यारेड नुगुसेने मोडला, 3:43.97, तोही नव्या जमान्याचे फोम आणि कार्बन प्लेटवाले बूट घालून. आणि कुठे, तर हेवर्ड फील्डवरच!

त्यामुळे त्या 'पण'चं मी माझ्यापुरतं असं ठरवलंय की तो वेबच्या धावण्यात नव्हताच. अठराव्या वर्षी त्याला पाहून लोकांनी मनात जी गोष्ट लिहून ठेवली होती, त्यात तो होता. तेव्हा यापुढे त्या जुन्या मित्रांपैकी कोणी भेटला तर पॅकेजचा विषय काढायचा नाही, सध्या काय चाललंय ते विचारायचं, एवढं तरी मला जमायला हरकत नाही.

असो. उद्या सकाळी परत ट्रेडमिल. तेरावर टाकून बघणार आहे.