जलशाची रात्र आणि उचलीचा कागद

मानवी तस्करीचा विषय निघाला की नेवासे तालुक्यातल्या सोनईच्या चौकात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे मुंबईतल्या वस्त्या येतात, नाहीतर आखातात पासपोर्ट हिसकावून घेतलेला कामगार. पळवणारा परका, पळवली गेलेली मुलगी अनोळखी, आणि सगळं गावापासून दूर. महाविद्यालयांत, बचत गटांच्या बैठकांत जे सांगितलं जातं त्याचा रोखही बहुधा असाच असतो: अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका, नोकरीच्या आमिषाला भुलू नका. हे सांगायलाच हवं. पण नेवासे तालुक्याचा आणि नगर जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर वेगळंच दिसतं. इथे माणूस दुसऱ्याच्या ताब्यात गेला तो बहुतेक वेळा कर्जाच्या कागदावर, ओळखीच्याच माणसाच्या मध्यस्थीने, स्वतःचा अंगठा उठवून. आणि रात्री गाव जमवून अन्यायाविषयी बोलण्याची जी परंपरा या भागात होती तिने हे नेमकं ओळखलं होतं.

हा इतिहास अमेरिकेपासून सांगावा लागतो. 1861 ला तिथे गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि हिंदुस्थानच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. दख्खनच्या कुणब्याची पत वाढली, सावकार सैल हाताने कर्ज देऊ लागला. 1865 ला युद्ध संपलं. पुढे भाव उतरले, कर्ज मात्र तसंच राहिलं, त्यात सरकारने शेतसारा वाढवला. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगा झाला आणि तो नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंद्याकडे पसरला. या दंग्यात सावकारांच्या जिवावर उठल्याचे प्रसंग थोडे. जमावाचा सारा भर त्यांची खतं आणि रोखे हुडकून जाळण्यावर होता. ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं त्याला आपण कशाने बांधलेलो आहोत हे पक्कं ठाऊक होतं. चौकशी आयोग नेमला गेला, 1879 ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. जगातल्या अन्यायाशी नगरच्या खेड्याचा काय संबंध, असं विचारणाऱ्याला हे एवढं उदाहरण पुरे आहे.

हा संबंध त्या काळीच ज्याने जाहीरपणे जोडला तो माणूस म्हणजे जोतीराव फुले. 1873 ला निघालेली ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केली, आणि त्याच वर्षी 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. गुलामी कायद्याने संपली तरी तिचं काम दुसऱ्या कागदावर चालू राहतं, याचा पुरावाही मराठी माणसाच्याच घरात होता. ब्रिटिश साम्राज्यात गुलामी रद्द झाल्यावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. ते करारावर, आगाऊ रक्कम हातावर ठेवून, हिंदुस्थानातून नेले गेले आणि त्यांत कोकणातले मराठी मजूरही होते. काम सोडून गेलं तर तुरुंग. ऊस, आगाऊ पैसा आणि मध्ये बसलेला दलाल हे त्रिकूट तेव्हापासूनचं आहे.

सत्यशोधकांनी हे सांगायला जो मार्ग निवडला तो सभेपेक्षा जलशाचा होता. ढोलकी, तुणतुणं तेच, तमाशाचा गण-गवळण-वगाचा साचाही तोच. पण शृंगाराच्या जागी सावकार, कुलकर्णी, भट आणि अडाणी कुणबी ही पात्रं उभी राहिली. एकाने शंका काढायची, दुसऱ्याने तिचं उत्तर द्यायचं, आणि समोर मांडी घालून बसलेल्या माणसाने आपल्या घरातलं खत आठवायचं. नेवासे तालुक्यात या चळवळीचं ठाणं सोनईपासून फार लांब नव्हतं. सत्यशोधक मुकुंदराव पाटलांनी 1910 ला ‘दीनमित्र’ हे वृत्तपत्र पुन्हा सुरू केलं आणि पुढे याच तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून 1967 पर्यंत चालवलं. पुण्या-मुंबईची छपाई, रेल्वे, तारघर यांपैकी काही हाताशी नसताना अर्धशतकाहून अधिक काळ एक वृत्तपत्र खेड्यातून खेड्यासाठी निघत राहिलं, ही गोष्ट मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात जेवढ्या ठळकपणे यायला हवी तेवढी येत नाही. मुकुंदरावांचं ‘कुलकर्णी लीलामृत’ ओवीत आहे. पोथी ऐकण्याची सवय ज्या कानांना होती त्याच कानांवर कागदपत्रांतली लबाडी घालायची, ही त्यामागची योजना. एकाने वाचायचं आणि दहांनी ऐकायचं असं हे साहित्य. त्यात दूरच्या राक्षसाची गोष्ट नव्हती. ज्याच्या ओट्यावर रोज रामराम घालायचा त्याच माणसाचा व्यवहार चव्हाट्यावर मांडलेला होता.

जलसा एका जातीवर रोख धरून होता, त्याचं पुढे राजकारण झालं, असा आक्षेप घेतला जातो. तो सगळा खोटा नाही. 1930 नंतर ब्राह्मणेतर चळवळीतली बरीच मंडळी काँग्रेसमध्ये गेली आणि जलशाचा जोर ओसरला. महार वतनातली वेठ हा प्रश्न गावच्या पाटलालाही अडचणीचा होता. त्यावर बाबासाहेब आंबेडकरांना 1928 ला मुंबईच्या कायदेमंडळात वेगळं विधेयक आणावं लागलं आणि आंबेडकरी जलशांना आपली वेगळी वाट काढावी लागली. पण यातून निघणारा धडा जलशाची पद्धत चुकली असा नाही. ज्याच्यावर अन्याय होतो तो जलसा ऐकतो. अन्यायाची जागा बदलली की ऐकणाराही बदलावा लागतो. नेवाशात नेमकं हेच झालं नाही.

जागा बदलली ती पाण्याने. 26 टीएमसीचं मुळा धरण झालं, कालवे आले, ऊस आला, सोनईला मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. प्रवरेकाठी 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घालून दिलेल्या सहकाराच्या वाटेवर हा जिल्हा चालला. ज्याचा आजा सावकाराच्या ओसरीवर उभा राहत होता तो कारखान्याचा सभासद झाला, ही या महाराष्ट्राची खरोखर मोठी कमाई आहे. मात्र त्याच उसाच्या तोडीसाठी दिवाळीच्या आसपास बीडकडून, पाथर्डी-शेवगावच्या कोरडवाहू पट्ट्यातून टोळ्या येतात, आणि त्यांच्या येण्याच्या मुळाशी पुन्हा एक कागद असतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो: एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, 50 हजारांपासून लाखाच्या वर. मग पहाटेपासून फडात तोडणी, पाचट काढणं, मोळ्या बांधणं, डोक्यावरून गाडीपर्यंत नेणं. गाडी रात्री आली तर रात्री भरणं. एक दिवस पडून राहिलं की खाडा, आणि तो उचलीत मिळवला जातो. हिशोब टनावर, तो मुकादमाच्या वहीत, आणि हंगाम संपून पट्टा पडताना अंगावर बाकी निघाली तर पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाकडे. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही म्हणून बायका गर्भाशय काढून घेतात, हे बीड जिल्ह्यात उघड झाल्यावर 2019 ला सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

उचल कुणी जबरदस्तीने देत नाही, मजूर स्वतः मागतो, मग याला तस्करीच्या रांगेत कसं बसवता, असं विचारतील. सगळी उचल वेठबिगारी आहे असं मीही म्हणणार नाही; हिशोब चोख ठेवणारे मुकादम आहेत, फेडून मोकळे होणारे कोयतेही आहेत. पण राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना एकाच दमात मनाई केली आहे, ती उगाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1982 च्या आशियाई खेळांच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं की भूक आणि गरिबी ही सुद्धा सक्तीच. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर माणूस राबतो तेव्हा ते काम खुशीचं मानता येत नाही. भारतीय दंड संहितेत 2013 ला तस्करीचं कलम बदललं तेव्हा पीडिताची संमती गैरलागू ठरवली गेली. हे नगर जिल्ह्याला परकं राहिलेलं नाही. 2022 ला इगतपुरीकडच्या कातकरी वाड्यांतली लहान मुलं थोडे पैसे आणि मेंढी देऊन मेंढ्या राखायला नेल्याची प्रकरणं बाहेर आली. नेणारे मेंढपाळ बहुतेक याच जिल्ह्यातले होते. तिथेही दारात कुणी गुंड आला नव्हता. आई-बापांच्या हातावर पैसे ठेवले गेले होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ऊसवाला स्वतःच पिचलेला आहे: तोड लांबली की वजन घटतं, टोळीला वर पैसे मोजावे लागतात, कित्येक वाहनमालक मुकादमाने उचल घेऊन पोबारा केल्यामुळे बुडाले. हे खरं आहे, आणि म्हणूनच या विषयावर बोलायला सोनईच योग्य गाव आहे. बुडालेला वाहनमालक आणि अडकलेला कोयता हे दोघे एकाच बेहिशेबी कागदाचे बळी आहेत. लेखी करार, थेट खात्यात मजुरी आणि वहीची प्रत मजुराच्या हातात आली तर दोघांचंही नुकसान थांबतं. जवळचं बोलणं कठीण असतं हे सोनईला कुणी सांगायला नको. 1 जानेवारी 2013 ला इथे दलित समाजातल्या तीन तरुणांची जातीच्या अभिमानापायी हत्या झाली. 2018 ला नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. न्यायालय आपलं काम करतं, पण गावाने आपसात बोलायचं ते न्यायालय बोलू शकत नाही.

रात्री गाडी भरणाऱ्या मजुराला अशा चर्चेला कोण आणणार, हा शेवटचा प्रश्न रास्त आहे. फडातून दमून आलेली बाई कोपीत भाकरी थापते, तिला व्याख्यानाला बोलावणं निर्दयपणाचं होईल. तेव्हा बैठका दोन ठिकाणी घ्याव्या लागतील. मजुरांसाठी पाथर्डी, शेवगाव, शिरूर कासारच्या वाड्या-तांड्यांवर, आषाढ-श्रावणात, उचलीचा कागद होण्याच्या आधी. सोनईत गळीत सुरू होण्यापूर्वी, ऊसवाल्यांसाठी आणि वाहनमालकांसाठी. नगरमध्ये स्नेहालयासारखी संस्था 1989 पासून देहविक्रीत ढकललेल्या बायका आणि त्यांच्या मुलांसोबत काम करते आहे. म्हणजे या बैठकांना लागणारी, दलालाची रीत ओळखणारी माणसं जिल्ह्यातच आहेत. अशा बैठकीत उचलीचा करार ओळीने वाचून दाखवावा, शंका काढू द्याव्यात, आणि 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा वाचावा. त्या कायद्याने वेठीचं कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपवली आहे, आणि सोडवणुकीचा दाखला देण्याचं काम महसूल अधिकाऱ्यांकडे सोपवलं आहे. अर्ज कुणाकडे आणि कसा करायचा, हे त्याच रात्री फळ्यावर लिहून द्यावं.