नळीतली गोळी : नानांचं पिस्तूल आणि शंभर वर्षांचा इतिहास

मागच्या भागात आपण खान्देशच्या भिल्ल पलटणीबद्दल बोललो होतो. तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की, बंदुकांचा विषय निघालाच आहे तर पिस्तुलावर एक भाग करा ना. खरं सांगतो, हा विषय मी मुद्दाम टाळत होतो. कारण पिस्तूल म्हटलं की मला इतिहासाआधी आमच्या शिंदखेड्याच्या घराचं छत आठवतं. पण आता नाना नाहीत, आणि घरात एक निर्णय घ्यायचा होता. तो घेताना जे वाचलं, जे आठवलं, ते आज सांगतो.

नाना म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. मिरचीचे व्यापारी. दोंडाईच्याच्या बाजारात सौदे करायचे आणि रोकड घेऊन संध्याकाळी गावाकडे यायचे. त्या काळी सगळा व्यवहार रोखीचा. वाटेत एकदा त्यांना अडवलं गेलं, त्यानंतर त्यांनी १९७८ साली कलेक्टरकडून परवाना काढला आणि एक जुनं विलायती .३२ पिस्तूल विकत घेतलं. बनावट कुठली ते सांगत नाही, गरजही नाही. पूर्ण पोलादाचं होतं. वरची सरकणारी स्लाइड पोलादाची, खालचा सांगाडाही पोलादाचा. लहानपणी एकदा ते हातात दिलं होतं, तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती वजन. खेळण्यातल्या पिस्तुलासारखं ते मुळीच नव्हतं. वजनाच्या दुकानातलं माप हातात घेतल्यासारखं वाटलं.

हे वजन उगाच नसतं. गोळी सुटली की पिस्तूल मागे धक्का देतं. सांगाडा जितका जड, तितका तो धक्का हाताला कमी बसतो. दुसऱ्या महायुद्धानंतर हलक्या ॲल्युमिनियमचे सांगाडे आले, पुढे १९८० च्या दशकात ग्लॉकसारखी प्लॅस्टिकच्या सांगाड्याची पिस्तुलं आली. पण पोलादी पिस्तुलांचे जुने मालक आजही म्हणतात की जड आहे म्हणून हात स्थिर राहतो. त्याची किंमत म्हणजे निगा. पोलाद गंजतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसवर, अंगाला घाम; आणि पावसाळ्यात बुराईला पूर आला की घरात ओल. नाना दर रविवारी जुन्या धोतराचा तुकडा आणि शिलाई मशीनचं तेल घेऊन बसायचे. पिस्तूल चामड्याच्या म्यानात कधीच ठेवायचे नाहीत, कारण चामडं ओल धरून ठेवतं. कापडात गुंडाळून, लोखंडी पेटीत, कुलूप लावून.

आता थोडं मागे जाऊ या. ही अर्धस्वयंचलित पिस्तुलं आली कुठून?

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचं चक्र असतं. ते उघडलं की किती गोळ्या आहेत ते डोळ्यांना दिसतं. अर्धस्वयंचलित पिस्तुलाची गोष्ट वेगळी. गोळ्या मुठीतल्या मॅगझीनमध्ये असतात. एक गोळी सुटली की त्याच जोरावर स्लाइड मागे जाते, रिकामं टरफल बाहेर फेकते आणि परत येताना पुढची गोळी नळीत सारते. घोडा पुन्हा दाबला की पुन्हा एक गोळी. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने हे तंत्र इतकं सुटसुटीत केलं की बेल्जियममधल्या एफएन कारखान्यात ती पिस्तुलं लाखोंनी बनली. फ्रेंच भाषेत तर 'ब्राउनिंग' हा शब्द पिस्तुलासाठीच वापरला जाऊ लागला, जसं आपण वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणतो.

आणि हे ब्राउनिंग महाराष्ट्रात आलं १९०९ साली.

लंडनच्या इंडिया हाउसमध्ये चतुर्भुज अमीन नावाचा स्वयंपाकी होता. सावरकरांनी त्याच्या हाती वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात पाठवली. पेटीला खोटा तळ, त्याखाली पिस्तुलं. आपल्याकडे तेव्हा १८७८ चा शस्त्र कायदा होता. लॉर्ड लिटनच्या काळातला. परवान्याशिवाय हिंदी माणसाला हत्यार बाळगता येत नव्हतं, आणि युरोपियनांना मात्र सूट होती. त्यामुळे त्या वीस पिस्तुलांकडे त्या तरुणांनी हत्यार म्हणून जितकं पाहिलं असेल, तितकंच 'आम्हालाही हक्क आहे' या भावनेनेही पाहिलं असणार.

२१ डिसेंबर १९०९. नाशिकचं विजयानंद थिएटर. कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपानिमित्त 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. सतरा-अठरा वर्षांच्या अनंत कान्हेरेने तिथे त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सन संस्कृतचे जाणकार, लोक त्यांना पंडित म्हणायचे. पण बाबाराव सावरकरांवरच्या खटल्यामुळे क्रांतिकारकांचा त्यांच्यावर राग होता. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. अमीन माफीचा साक्षीदार झाला. पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत गेला, आणि विनायक सावरकरांच्या दोन जन्मठेपांपैकी एक या प्रकरणातली.

गंमत बघा, गंमत म्हणणं बरोबर नाही, पण योगायोग बघा. त्याच वर्षी, दोन महिने आधी, २६ ऑक्टोबरला, कोरियाच्या आन जुंग-गुन याने हार्बिनच्या स्टेशनवर जपानी नेते इतो हिरोबुमी यांना गोळ्या घातल्या. तेही ब्राउनिंगनेच. कोरियात तो आज राष्ट्रवीर आहे. एकाच वर्षात, दोन गुलाम देशांच्या माणसांच्या हाती, एकाच कारागिराच्या नावाचं हत्यार.

पण मंडळी, इथे थांबायला हवं. कारण पिस्तुलाला हेतू कळत नाही. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींवर ज्या तीन गोळ्या झाडल्या गेल्या, त्या १९३४ मॉडेलच्या इटालियन बेरेटातून. तेही पोलादी सांगाड्याचं, अर्धस्वयंचलित. ग्वाल्हेरमधून दोन दिवस आधी मिळवलेलं. तो हात मराठी होता. आणि त्यानंतर महाराष्ट्रात गावोगाव घरं जळाली, ज्यांचा त्या पिस्तुलाशी काही संबंध नव्हता अशा माणसांची. एका खिशात मावणाऱ्या वस्तूने किती घरांपर्यंत पोहोचावं!

आपल्या शिंदखेडा तालुक्यालाही हत्याराचा इतिहास आहे. १४ एप्रिल १९४४. धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला. साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथ नायकवडी आणि आपल्या खान्देशचे डॉ. उत्तमराव पाटील ही त्यातली मोठी नावं. नाना तेव्हा सात-आठ वर्षांचे. ते सांगायचे की त्यानंतर कित्येक महिने गावात मोठी माणसं हळू आवाजात बोलायची, आणि आम्ही पोरं काठीची बंदूक करून खजिना लुटायचो. "पोरपण काठीवर गेलं, म्हातारपण पोलादावर," असं ते हसत म्हणायचे.

स्वातंत्र्यानंतर १८७८ चा कायदा गेला. १९५९ चा नवा शस्त्र कायदा आला आणि १९६२ पासून लागू झाला. परवाना आता गोऱ्या-काळ्यावर ठरत नव्हता, पण सोपाही नव्हता. लष्करी मापाच्या गोळ्या, म्हणजे ९ मिलिमीटरसारख्या, सामान्य माणसाला बंद. इशापूरच्या कारखान्यात ब्राउनिंगच्याच हाय पॉवरवरून ९ मिलिमीटरचं पिस्तूल बनतं. मॅगझीनमध्ये तेरा गोळ्या, सांगाडा पोलादी. पण ते फौजेसाठी आणि पोलिसांसाठी. आपल्या गावच्या फौजी भावांना विचारा, कमरेला त्याचं वजन ते अजून विसरलेले नाहीत. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला आलं .३२. १९८० च्या दशकात परदेशी हत्यारांची आयात बंद झाली आणि नानांसारख्यांच्या जुन्या विलायती पिस्तुलांना सोन्याचा भाव आला. सरकारी कारखान्याचं 'अशनी' हे देशी .३२ पिस्तूल नंतर लोकांनी घेतलं. अशनी म्हणजे वज्र.

मग परवानाधारकाचा रोजचा अनुभव काय? चित्रपटात दिसतो तसा काहीच नाही. अनुभव म्हणजे कागद. नूतनीकरण, काडतुसांची नोंद, आणि निवडणूक. आचारसंहिता लागली की हत्यार जमा करण्याची नोटीस. नाना कापडी पिशवीत पिस्तूल घालून पोलीस ठाण्यात जायचे, पावती घ्यायचे, पावती पाकिटात ठेवायचे. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद. ते म्हणायचे, "भाऊ, हाई वस्तू मना घरमा शे, पन मनी नही." वस्तू माझ्या घरात आहे, पण माझी नाही. खंडेनवमीला मात्र पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायचे. वर्षातला तेवढा एक दिवस ती त्यांची असायची.

आता छताची गोष्ट.

मी नऊ वर्षांचा होतो. घरात लग्न होतं, पाहुणे भरलेले. आमचं घर धाब्याचं, सागाच्या सरांवर मातीचं छत. नाना पेटी उघडून पिस्तूल पुसत बसले होते. एका पाहुण्याने आग्रह केला, दाखवा ना एकदा. मी दारात उभा होतो. नानांनी मॅगझीन काढून पाटावर ठेवलं आणि म्हणाले, "आरे, मॅगझीन काढेल शे, काही व्हत नही." आणि नळी वर करून घोडा दाबला.

तो आवाज मला आजही सांगता येत नाही. छतातून माती पडली. कोणी ओरडलंही नाही, सगळे नुसते उभे. मधल्या सराला भोक पडलं होतं. मॅगझीन बाहेर होतं, पण एक गोळी आधीच नळीत गेलेली होती. या पिस्तुलांचा सगळ्यात जुना धोका तो हाच. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी दिसते, इथे ती लपते. मॅगझीन काढणं म्हणजे पिस्तूल रिकामं करणं नव्हे. आधी मॅगझीन काढायचं, मग स्लाइड मागे ओढायची, नळीत डोळ्यांनी बघायचं, बोट घालून खात्री करायची. आणि इतकं केल्यावरही नळी माणसाकडे धरायची नाही. नानांनी त्या दिवशी एकच गोष्ट बरोबर केली होती, नळी वर धरली होती. ती दाराकडे असती तर हा भाग तुम्हाला कोणी दुसऱ्याने सांगितला असता. किंवा सांगितलाच नसता.

दुसऱ्या दिवशी नाना स्वतः ठाण्यात गेले आणि एक काडतूस कसं कमी झालं ते लेखी देऊन आले. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढा म्हणणाऱ्यांना त्यांनी त्यानंतर कधी दारात उभं केलं नाही. आज तर तो सरळ गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात बेफिकीर गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवण्याची मुभा राहिली.

पुढे घराची डागडुजी झाली. माती काढून पत्रे आले, पण नानांनी तो सर बदलू दिला नाही. भोकही बुजवू दिलं नाही. घरातलं कुठलंही पोर आठ-नऊ वर्षांचं झालं की त्याला तिथे उभं करायचे आणि बोट वर दाखवायचे. भाषण नाही, ओरडणं नाही. फक्त बोट.

नाना गेले. कायद्याप्रमाणे पिस्तूल जमा केलं. आता प्रश्न आला, वारसाने परवाना काढायचा की नाही. माझ्या चुलतभावाचं मत होतं की आपल्या घरातली वस्तू आहे, राहू दे. त्याची बाजू मला कळते. त्या पोलादात नानांचा हात आहे, तेलाचा वास आहे, रविवार आहेत. दुसरीकडे शिरपूर-चोपड्याकडच्या बातम्या रोज वाचतो, गावठी कट्टा सापडला, पोरगं धरलं. वीस-बावीस वर्षांची पोरं. त्यांच्या हातात जे येतं त्याला ना निगा, ना नोंद, ना कुणी सराकडे बोट दाखवणारं.

आम्ही दोघं भाऊ त्या सराखाली बसून बोललो. मी त्याला विचारलं, "दादा, नानांनी सत्तेचाळीस वर्षांत त्या पिस्तुलातून चोरावर किती गोळ्या झाडल्या?" तो म्हणाला, "एकही नाही." "आणि घरात?" तो वर बघत राहिला. मग म्हणाला, "विकून टाकू. परवानाधारक दुकानदाराकडून, रीतसर."

तसंच केलं. पैसे आले ते घराच्या दुरुस्तीला लागले. सर मात्र तसाच आहे. पुढच्या महिन्यात दादाची मुलगी नऊ वर्षांची होते आहे. तिला तिथे उभं करणार आहोत. पिस्तूल नसलं तरी.

तर मंडळी, आजच्या भागात एवढंच. तुमच्या घरात असं जुनं हत्यार असेल, चालू असो वा बंद, तर त्याची गोष्ट लिहून ठेवा, आणि परवाना कुणाच्या नावावर आहे ते एकदा तपासा. वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर आजच ठाण्यात जा. पुढच्या भागात आपण चिमठाण्याच्या खजिन्याबद्दल सविस्तर बोलू. तोपर्यंत, काळजी घ्या. राम राम.