कुलूप एकच, किल्लीवाले तीन

आजची लढाई रणांगणावरची नाही, गाण्यांच्या कुलपांची आहे.

एप्रिल 2003 मध्ये ॲपलने आयट्यून्सचं दुकान उघडलं. एक गाणं 99 सेंटला. पैसे मोजून घेतलेल्या त्या गाण्याला 'फेअरप्ले' नावाचं कुलूप असे. खिशात घेऊन फिरायचं तर आयपॉडच लागे. मायक्रोसॉफ्टचं कुलूप वेगळं, सोनीचं तिसरंच. यंत्र बदललं की आपलीच गाणी मुकी!

जुलै 2004 मध्ये रियलनेटवर्क्सने 'हार्मनी' काढलं. त्यांच्या दुकानातल्या गाण्याला फेअरप्लेशी जुळणारं कुलूप लागे, म्हणून ते आयपॉडवर वाजे. कुणाचं कुलूप तोडलं नव्हतं, तसंच दुसरं घडवलं होतं. ॲपल भडकलं. ही हॅकरची रीत, असं म्हणालं आणि वर्षअखेरीस आयपॉडचं सॉफ्टवेअर बदलून वाट बुजवली.

मायक्रोसॉफ्टने तर आपल्याच साथीदारांना तोंडघशी पाडलं. इतर कंपन्यांच्या यंत्रांवर 'प्लेज फॉर शुअर', म्हणजे 'नक्की वाजणार', असा शिक्का दिला. नोव्हेंबर 2006 मध्ये स्वतःचा झून आणला, तर त्यावर ती शिक्क्याची गाणी वाजेनात.

फेब्रुवारी 2007 मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहिलं. फेअरप्ले इतरांना दिलं तर गुपित फुटेल, त्यापेक्षा रेकॉर्ड कंपन्यांनी कुलूपच काढावं. फौजेत सायफर सांभाळलेल्या माणसाला पहिला मुद्दा पटतो. किल्ली जितक्या हातांत, तितका धोका. पण कुंपणाचा फायदा ॲपलनेही घेतलाच होता, हे पत्र वाचताना विसरू नये. 2009 मध्ये आयट्यून्सची गाणी मोकळी झाली.

चित्रपटांचं कुलूप राहिलं. तिथे 'कॉमन एन्क्रिप्शन' आलं: फाइल एकदाच कुलूपबंद करायची, गूगलचं वाइडवाइन, मायक्रोसॉफ्टचं प्लेरेडी, ॲपलचं फेअरप्ले आपापल्या रीतीने किल्ली पोचवणार. ॲपलची पद्धत वेगळी होती, म्हणून बरीच वर्षं दोन-दोन प्रती ठेवाव्या लागत. सप्टेंबर 2017 मध्ये डब्ल्यूथ्रीसीने ब्राउझरसाठीचं मानक मंजूर केलं, तेव्हा ईएफएफ ही संस्था निषेध म्हणून बाहेर पडली.

यंत्रं जुळली, दुकानं मात्र नाही. त्यासाठी 2011 मध्ये 'अल्ट्राव्हायलेट' निघालं होतं. घेतलेला चित्रपट एका सामायिक लॉकरमध्ये नोंदवायचा आणि जोडलेल्या कुठल्याही दुकानातून पाहायचा. ॲपल आणि डिस्ने त्यात आलेच नाहीत. 31 जुलै 2019 ला ते लॉकर बंद झालं. त्याआधी ग्राहकांना सांगण्यात आलं, तुमचं लॉकर एखाद्या दुकानाशी जोडून ठेवा.