उत्ताप विद्युत् बहुवारिके
उत्ताप विद्युत् बहुवारिके : तापमानातील बदलामुळे ज्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत् भार प्रकट होतो अशा बहुवारिकांना (लहान रेणूंच्या पुनरावृत्तीने बनलेल्या प्रचंड रेणूंच्या पदार्थांना) ही संज्ञा लावतात. ती दाबविद्युतीयही असतात, म्हणजे दाब वा ताण दिल्यानेही त्यांवर भार निर्माण होतो. याच्या उलट मात्र नेहमी खरे नसते, उदा., क्वॉर्ट्‌झ दाबविद्युतीय असूनही उत्ताप विद्युतीय नाही. म्हणून उष्णतेपासून वीज मिळविण्याच्या दृष्टीने महत्त्व आहे ते मुख्यतः उत्ताप विद्युत् परिणामाला.

इतिहास : तापविलेली तोरमल्ली राख आकर्षून घेते, हे अठराव्या शतकाच्या प्रारंभी श्रीलंकेतून हे खडे नेणाऱ्या डच व्यापाऱ्यांमुळे यूरोपात माहीत झाले. या आविष्काराला १८२४ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी आजचे इंग्रजी नाव दिले. स्फटिकात मुळातच कायमचे विद्युत् ध्रुवण असते व ते तापमानानुसार बदलते, असे स्पष्टीकरण विल्यम टॉमसन (लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८७८ मध्ये मांडले. याच विचाराच्या आधारे १८८० मध्ये झाक व प्येअर क्यूरी या बंधूंना दाबविद्युत् परिणामाचा शोध लागला.

बहुवारिकांकडे लक्ष वळले ते जपानमधील संशोधनामुळे. एईची फूकादा यांनी लाकडाचा दाबविद्युत् परिणाम १९५५ मध्ये, तर यासुदा यांच्यासमवेत हाडाचा १९५७ मध्ये दाखविला. १९६९ मध्ये हेजी कावाई यांना पॉलिव्हिनिलिडीन फ्ल्युओराइडाच्या पटलात हा परिणाम पुष्कळच प्रबळ आढळला. पटल ताणल्याने रेणूशृंखला एका दिशेत येतात, तापलेल्या अवस्थेत प्रबल विद्युत् क्षेत्र लावल्याने त्यांतील द्विध्रुव एकीकडे वळतात आणि क्षेत्र कायम ठेवून थंड केल्याने ही मांडणी टिकते. याच पटलाचा उत्ताप विद्युत् गुणधर्म अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या बर्गमन, मॅक्‌फी व क्रेन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला.

कार्यक्षमता : या पटलाचा उत्ताप विद्युत् गुणांक प्रती चौ. मी. प्रती अंश से. सु. २७ मायक्रोकूलंब असतो. वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील वडनेर येथे उन्हाळ्यात एखाद्या छपरावर १ चौ. मी. क्षेत्रफळाचे व ०.०५ मिमी. जाडीचे पटल पसरले आणि त्याचे तापमान २५° से. पासून ४५° से. पर्यंत वाढले, असे समजू. त्यावर सु. ०.५४ मिलिकूलंब भार जमेल. भाराची गळती मुळीच होत नाही असे मानले, तरी साठलेली विद्युत् ऊर्जा केवळ ०.०७ जूल होते. पटल तापण्यास मात्र सु. २,३०० जूल उष्णता लागते. म्हणजे कार्यक्षमता एक लाखात तीन भाग एवढीच ठरते. याच दोन तापमानांमध्ये चालणाऱ्या आदर्श कार्नो एंजिनाची कमाल कार्यक्षमता मात्र सु. ६ टक्के असते. शिवाय प्रत्यक्षात दिवसभर संथपणे होणाऱ्या तापमानवाढीत बराचसा भार गळून जातो. स्थिर तापमानाला तर, ते कितीही उच्च असले, तरी वीज मिळतच नाही. तापमान सतत वरखाली व्हावे लागते.

ही मर्यादा ओलांडण्यासाठी रँडल ओल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये व्हिनिलिडीन फ्ल्युओराइड व ट्रायफ्ल्युओरोएथिलीन यांच्या सहबहुवारिकावर एक आवर्तन वापरले. त्यात थंड अवस्थेत उच्च विद्युत् क्षेत्राने पटल भारित करतात व तापल्यावर ते कमी क्षेत्राला विसर्जित करतात. लॉरेंट पिलन व आशकन नवीद यांनी २०११ मध्ये शुद्ध केलेल्या पटलापासून २५° ते ११०° से. या मर्यादेत प्रत्येक आवर्तनात प्रती लिटर ५२१ जूल ऊर्जा मिळविली. परंतु एक लिटर पदार्थ एवढा तापविण्यास सु. दोन लाख जूल लागतात. म्हणजे उष्णतेचा पुनर्वापर न केल्यास कार्यक्षमता पाव टक्क्याच्या आसपासच राहते. यास्तव परतणारी उष्णता साठवून पुन्हा वापरणे हाच या पद्धतीचा कळीचा प्रश्न आहे.

पुणे येथील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत लोहविद्युत् संयुगे बहुवारिकांत मिसळून यांत्रिक हालचालीपासून वीज मिळविण्याचे संशोधन झाले आहे. उष्णतेच्या बाबतीत मात्र ही पटले आज विद्युत् निर्मितीपेक्षा अवरक्त प्रारणाच्या अभिज्ञातकांत (अस्तित्व ओळखणाऱ्या साधनांत) अधिक उपयुक्त ठरतात. स्वस्त, लवचिक व हलकी असल्यामुळे अल्पशक्तीच्या संवेदकांना ती पुरी पडू शकतील. घराला वा शेतपंपाला लागणारी वीज त्यांपासून मिळेल अशी अपेक्षा धरणे वरील हिशोबाशी विसंगत होय.