वळवाचा वारा आणि घराचे छप्पर

चैत्र अर्धा सरला की बेळगाव-निपाणीच्या मुलखात दुपारनंतर आभाळाकडे पाहण्याची सवय प्रत्येकाला लागते. सकाळभर उन्हाचा तडाखा, दुपारी वारा पडलेला, अंगाची काहिली. आणि चारच्या सुमारास क्षितिजावर काळ्या ढगांचा डोंगर उभा राहतो. मग अकस्मात धुळीचा लोट उठतो, दारे आपटतात, झाडे वाकतात, आणि टपोऱ्या थेंबांबरोबर कधी कधी गाराही कोसळू लागतात. हाच आपला वळीव. अर्ध्या-पाऊण तासात तो ओसरतो. पण तेवढ्या वेळात कोणाचे तरी छप्पर उडून शेजारच्या शेतात जाऊन पडलेले असते.

या छपराचाच इतिहास आज सांगावयाचा आहे. किल्ल्यांचा आणि वाड्यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. परंतु शेतकऱ्याने, विणकराने, विडी वळणाऱ्या बाईने आपले डोके कशाखाली झाकले आणि ते आच्छादन वाऱ्यात टिकावे म्हणून काय केले, हाही इतिहासच आहे. किंबहुना आजच्या आपल्या एका मोठ्या चुकीचा उलगडा त्यातूनच होतो.

प्रथम वाऱ्याची जात ओळखली पाहिजे. मृगानंतरचा पाऊस पश्चिमेकडून येतो आणि बहुतेक त्याच दिशेने मारा करतो. म्हणून खानापूर-जांबोटीकडची जुनी घरे पाहिली तर पश्चिमेच्या भिंतीला गवताचे किंवा झावळ्यांचे आडोसे बांधलेले दिसत. वळवाचे तसे नाही. तापलेल्या जमिनीवरून ओलसर हवा उंच चढते, तिचे प्रचंड ढग बनतात, आणि ढगातील थंड हवा पावसाबरोबर खाली आदळून चहूकडे पसरते. हा झोत कोणत्या अंगाने घराला भिडेल याचा नेम नसतो. पावसाळ्यासाठी सजविलेले घर वळवासाठी सजविलेले असेलच असे म्हणता येत नाही.

आपल्या भागात छपरांचे प्रकार पूर्वी जमिनीगणिक बदलत. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती 1204 मध्ये रट्ट राजांच्या अमदानीत बांधली गेली. तिचे छत दगडाचे, आणि आठशे वर्षांचे वळीव अंगावर घेऊन ते आजही उभे आहे. पण दगडी छत देवाला. माणसाला गवत नाहीतर माती. पूर्वेकडे, रायबाग-अथणीच्या कमी पावसाच्या पट्ट्यात, घरांवर मातीचे माळवद असे. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला आणि वर वीतभर चोपलेली माती. अशा माळवदाचे वजन चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भरते. वारा त्याचे काही करू शकत नाही. त्याला भय पाण्याचे आणि स्वतःच्याच ओझ्याचे. पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या पायथ्याशी, गवताचे आणि भाताच्या काडाचे उतरते छप्पर असे. निपाणी या दोहोंच्या मधोमध, आणि म्हणून तेथे दोन्ही तऱ्हा.

गवती छपराकडे आपण गरिबीची खूण म्हणून पाहतो. मला मात्र त्यातील एका गोष्टीचे नेहमी कौतुक वाटते. ते छप्पर आरंभापासून अखेरपर्यंत बांधलेले असे. वासा आढ्याला बांधलेला, बांबूच्या कांबी वाशांना बांधलेल्या, गवताची पेंढी कांबीला बांधलेली, आणि वासाही खाली खांबाच्या बेळक्यात बसवून दोरीने आवळलेला. वाख, काथ्या, रानवेली, जे हाताशी असेल ते. गवताला वजन नाही हे बांधणाऱ्याला ठाऊक होते. म्हणून तो वजनावर विसंबला नाही, गाठीवर विसंबला. वादळात गवत पिंजले जाई, क्वचित एखादे पाखे उघडे पडे, पण सांगाडा सहसा जागेवर राही. आगीचे भय आणि दर वर्षी नवे गवत घालण्याचा खटाटोप, यांमुळे ज्याला परवडेल तो कौलांकडे वळला.

पहिली कौले आपल्या कुंभाराचीच. चाकावर मातीचा नळा ओढायचा, तो उभा चिरून दोन अर्धगोल करायचे, वाळवून भाजायचे. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी. कौलाला खाच नाही, खुंटी नाही. केवळ उतारावर एकावर एक रेललेली. वाऱ्याने ती सरकत, माकडांच्या उड्यांनी फुटत, म्हणून वैशाखात घर शाकारणे हा नेमच होता. गारांपुढे ही पातळ कौले दुबळी ठरत. पण दोन थर असल्याने वरचे फुटले तरी खालचे पुष्कळदा शाबूत राही, आणि फुटलेले बदलणे स्वस्त होते.

यानंतर जो पालट झाला त्याचे मूळ फार दूर आहे. फ्रान्समधील आल्सास प्रांतात गिलार्दोनी बंधूंनी 1841 मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या सपाट कौलाचा हक्क नोंदविला. त्याच वळणाचे कौल आपल्या किनाऱ्यावर आणले ते बासेल मिशनने. ही प्रॉटेस्टंट मंडळी. जॉर्ज प्लेब्स्ट या मिशनऱ्याने 1865 मध्ये मंगळुरात नेत्रावतीच्या काठी जेप्पू येथे कारखाना काढला. पाठोपाठ 1868 मध्ये अल्बुकर्क यांचा कारखाना निघाला, आणि मंगळुरी कौल हे नाव रूढ झाले. बेळगावास 1887 मध्ये सदर्न मराठा रेल्वे आली, लागलीच लोंढ्यावरून मुरगाव बंदराकडची वाट खुली झाली, आणि किनाऱ्यावरच्या जड मालाला घाट चढणे सोपे झाले. पुढे खानापूरच्या चिकणमातीत इथलेच कारखाने उभे राहिले. जुन्या घराचे कौल उलटून पाहिले तर पाठीवर मिशनचे नाव आणि 1865 हा आकडा आढळतो. मुले मोठ्या हर्षाने सांगत येतात की, आमचे कौल दीडशे वर्षांचे आहे. तो आकडा कारखाना निघाल्याचा, कौल भाजल्याचा नव्हे. पण त्यांचा हर्ष मोडवत नाही.

मंगळुरी कौलाला मागील बाजूस रिपेवर अडकण्यासाठी खुंट्या असतात आणि कडांना खाचा असतात. एकेक कौल दोन ते तीन किलोंचे, चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. म्हणजे तीस ते पंचेचाळीस किलो वजन. एवढे वजन, शिवाय एकमेकांची पकड, यामुळे दोरीची गरज संपली असे लोकांना वाटले. बांधणारा गडी गेला, सुतार आणि कौलारू आला. वासे आढ्यावर आणि भिंतीवर नुसते टेकवून एखाददुसरा खिळा मारण्याची रीत पडली, कारण कौलांचे ओझेच त्यांना दाबून धरीत होते. गंमत अशी की, या कौलाच्या पाठीवर तार ओवून ते रिपेला बांधता यावे म्हणून भोकाचीही सोय असते. ते कौलाचे नक्षीकाम आहे असे समजणारे गवंडी आजही भेटतात.

नंतर आला पत्रा. लंडनच्या गोदीतील अभियंता हेन्री पामर याने 1829 मध्ये लोखंडाचा पत्रा नागमोडी करून ताठ करण्याची युक्ती काढली. 1837 मध्ये सोरेल या फ्रेंच गृहस्थाने लोखंडावर जस्ताचा मुलामा चढविण्याची रीत नोंदविली. सिमेंटचा पत्रा 1901 मधला, ऑस्ट्रियाच्या हाचेकचा. हे पत्रे आपल्याकडे वखारींवर, शाळांवर, गोठ्यांवर आले आणि शेवटी घरांवर. स्वस्त, झटपट, दर वर्षी शाकारणी नको. सुतारकामाला लागणारे लाकूडही थोडे. गरिबाला पत्र्याने मोठा आधार दिला, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु येथेच ती चूक झाली. जस्ती पत्र्याचे वजन चौरस मीटरला चार-पाच किलो. म्हणजे छप्पर पुन्हा गवताइतके हलके झाले, आणि बांधणीची रीत मात्र कौलांच्या काळातीलच राहिली. दोरी कौलामुळे गेली, कौलाचे वजन पत्र्यामुळे गेले. उरला तो एक खिळा.

वाऱ्याचे गणित शाळेतल्या मुलालाही समजेल असे आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर ते पाहावे, त्याचा वर्ग करावा, त्याला 0.6 ने गुणावे. चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात, जो 1987 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये सुधारला गेला, हेच सूत्र आहे. ताशी 72 किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला 20 मीटर. दाब 240 न्यूटन, म्हणजे सुमारे 24 किलो. वारा छपराला ढकलतो एवढेच आपण समजतो. प्रत्यक्षात आढ्यावरून पलीकडे घसरताना तो छप्पर वर ओढतो. उतार कमी असला तर दोन्ही पाखी ओढतो. आणि कडांवर, कोपऱ्यांवर, वळचणीला ही ओढ सर्वांत अधिक असते. त्यातच दार उघडे राहून वारा आत शिरला तर तो आतून वर रेटतो. आता चाळीस किलोचे कौल आणि पाच किलोचा पत्रा या 24 किलोंच्या ओढीपुढे ठेवून पाहा. कौलांच्या फटींतून आतली हवा निसटून जाते हाही त्यांचा एक फायदा. पत्रा शिडासारखा फुगतो. तथापि कौलेही निर्धास्त नव्हेत. वेग ताशी 108 किलोमीटर झाला की दाब 55 किलोंवर जातो, आणि आढ्याची व वळचणीची कौले प्रथम उडतात.

यावर आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय म्हणजे पत्र्यावर दगड ठेवणे. निपाणीच्या कोणत्याही वस्तीत जा, छपरांवर धोंडे, फुटके पाटे, गाडीचे जुने टायर मांडलेले दिसतात. कौलाच्या काळाची ही आठवण आहे: वजन घातले की छप्पर बसते. पण पाच-सहा धोंडे मिळून चौरस मीटरला किती वजन होणार? पत्रा उचलला गेला की तेच धोंडे आत, झोपलेल्या माणसांवर पडतात. वाऱ्याने न केलेली इजा दगडाने होते. ही पद्धत मला फार भयंकर वाटते, आणि ती मोडण्यासाठी खर्चही फारसा नाही.

खरा उपाय गवती छपराचाच आहे, केवळ दोरीच्या जागी लोखंड. पत्रा वाशाला किंवा लोखंडी पाइपाला वायसरसह आकड्याच्या बोल्टने अथवा स्क्रूने आवळायचा, तोही पत्र्याच्या उंचवट्यावर, म्हणजे भोकातून पाणी गळत नाही. आणि कडेच्या ओळींत ही टाचणी दुप्पट दाट ठेवायची. वासा भिंतीवरच्या आडव्या लाकडाला लोखंडी पट्टीने वरून कवळून बांधायचा. ते आडवे लाकूड भिंतीत दोन-तीन फूट खोल गाडलेल्या सळईला जखडायचे. कारण भिंतीच्या माथ्यावरची वरची वीट छपराबरोबर उचलली गेली तर बोल्टचा काय उपयोग? पडवीचे छप्पर मुख्य छपराला सलग जोडू नये. ते उघड्या तोंडाचे असल्याने वारा त्याच्या खाली शिरतो. वेगळे असले तर एकटे उडते, सलग असले तर सारे घर उघडे करते. आपल्या जुन्या वाड्यांतील चौपाखी छपरे दुपाख्यांपेक्षा वाऱ्यात बरी टिकतात, हेही लक्षात घ्यावे. आणि कौलारू घर असेल त्याने निदान वळचणीच्या दोन ओळी व कडा तारेने बांधाव्यात, आढ्यावरची कौले चुन्या-सिमेंटात बसवावीत.

एकदा आवळले म्हणजे जन्माचे काम झाले असेही नाही. ऑस्ट्रेलियातील डार्विन शहर 1974 च्या नाताळच्या दिवशी ट्रेसी वादळाने उद्ध्वस्त झाले. तेथील सुमारे सत्तर टक्के घरे गेली. तपास केला तेव्हा आढळले की, पुष्कळ ठिकाणी स्क्रू जागेवरच होते. वाऱ्याच्या हजारो हिसक्यांनी स्क्रूभोवतीचा पत्रा चिरत गेला होता आणि शेवटी पत्रा स्क्रू मागे सोडून उडाला होता. म्हणून भोकाभोवती गंज किंवा चीर दिसली की तेथे रुंद वायसर घालावा, नाहीतर पत्राच बदलावा.

गारांविषयी थोडे सांगितले पाहिजे. गारेचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते आणि पडण्याचा वेगही वाढतो. परिणामी आघात सुमारे सोळापट. बोराएवढ्या गारांनी जे कौल खणखणते ते लिंबाएवढ्या गारांनी फुटते. मुरादाबादेत 1888 च्या एप्रिलमध्ये गारपिटीने 246 माणसे दगावली. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रातील गारपिटीने पिकांचा आणि घरांचा किती विध्वंस केला ते आपण पाहिलेच आहे. जस्ती पत्र्याला गारांनी पोचे पडतात, पण तो सहसा गळत नाही. जुना सिमेंटचा पत्रा तडकतो, आणि तो दुरुस्त करावयास त्यावर चढलेला माणूस पत्र्यासकट खाली येतो. त्यावर आडवी फळी टाकल्याशिवाय पाऊल ठेवू नये. कौलांखाली पूर्वी सधन घरांत तक्तपोशी असे. गार कौल फोडून आली तरी ती फळ्यांवर अडे. आता लोक छपरावर सूर्यशक्तीच्या तबकड्या बसवितात. त्यांची कसोटी 25 मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्याने घेतलेली असते. त्याहून मोठी गार आली तर भरवसा नाही, आणि त्या तबकड्यांखालीही वारा शिरतोच.

राहिला प्रश्न हे कोणी करावयाचे याचा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींकडे पाहा. पान भिजले तर माल गेला, म्हणून वखारवाला फाल्गुनातच छपरावर गडी चढवितो. त्याच तंबाखूच्या विड्या ज्या घरांत वळल्या जातात त्यांतील कित्येक खोल्या भाड्याच्या, पत्र्याच्या. भाडेकरू म्हणतो, छप्पर मालकाचे. मालक म्हणतो, राहतो तो पाहील. सुपात कापलेली पाने आणि कोपऱ्यात निजलेले मूल, दोन्ही त्या एका खिळ्याच्या भरवशावर. सरकारी नुकसानभरपाई मिळते ती छप्पर गेल्यावर. सीमेच्या अलीकडे एका दराने, पलीकडे दुसऱ्या. 1956 मध्ये नकाशावर रेघ पडली, वळवाला ती ठाऊक नाही.

होळी झाली की एखाद्या रविवारी शिडी लावून वळचणीखालून वर पाहावे. वासा भिंतीवर नुसता टेकला आहे की धरलेला आहे, हे हाताने हलवून पाहिल्यास लगेच कळते. पट्टी आणि बोल्ट लोहाराकडे मिळतात. वेल्डिंगवाला असला तर अर्ध्या दिवसाचे काम. भाड्याच्या खोलीत हे काम मालक आणि भाडेकरू यांनी निम्मे-निम्मे वाटून घेतल्याची उदाहरणे आहेत, आणि त्या खोल्यांवर आता धोंडे दिसत नाहीत.