दुसऱ्या काडतुसाची किंमत

#धागा
सन १९०० च्या सुमारास अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या एखाद्या लहान शेतकऱ्याला ससे, खारी, लावे आणि थंडीच्या तोंडाशी उतरणारी बदके मारण्यासाठी परवडेल अशी बंदूक घ्यायची असेल, तर त्याच्यापुढे कोणते पर्याय होते? प्रश्न वरकरणी बाजारहाटाचा आहे. परंतु असे लक्षावधी शेतकरी एकाच वेळी खरेदीला निघाले, तेव्हा त्यांच्या निवडीत एका खंडावरील पक्ष्यांचे भवितव्य गुंतले. आजचा धागा या निवडीविषयी.

प्रथम परिभाषा. येथे विषय छऱ्याच्या बंदुकीचा, म्हणजे शॉटगनचा आहे, रायफलचा नव्हे. आपल्याकडे ‘बारा बोअर’ हा शब्द सर्वतोमुखी आहे, पण त्यातील बारा कशाचे? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. त्यामुळे आकडा वाढला की नळी अरुंद होते : सोळा बोअर बारापेक्षा लहान, वीस बोअर त्याहून लहान. ‘चारशे दहा’ मात्र या हिशेबात बसत नाही. तो आकडा इंचाच्या हजारांशाचा आहे.

आता त्या शेतकऱ्याकडे वळू. त्याच्या हाताशी सिअर्स, रोबक या शिकागोच्या पेढीचा जाडजूड कॅटलॉग असे. नांगर, शिवणयंत्र, औषधे आणि बंदुका एकाच ग्रंथात. पैसे पाठवावेत, रेल्वेने माल घरपोच यावा. या कॅटलॉगने गावच्या दुकानदाराची मक्तेदारी मोडली आणि बंदुकीची किंमत प्रथमच उघड, छापील, ताडून पाहता येण्याजोगी झाली.

सर्वांत मोहक पर्याय होता स्वस्त दुनळी बंदुकीचा. दोन नळ्या म्हणजे दोन बार. पहिला चुकला तर दुसरा हाताशी. यांतील पुष्कळ बंदुका बेल्जियममधील लिएज शहरातून येत. त्यांच्या नळ्या लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकून जोडलेल्या असत. त्यावर उमटणाऱ्या लहरींमुळे त्यांना ‘दमास्कस’ म्हणत. उत्तम कारागिराच्या हातची अशी नळी भरवशाची असे. स्वस्त नळीत मात्र सांधे कच्चे राहत, आणि काही उत्पादक तर साध्या नळीवरच लहरींची नक्कल उमटवीत. काहींवर ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ असे नाव कोरलेले असे. वेस्टली रिचर्ड्स हे इंग्लंडमधील नामवंत घराणे, आणि ग्राहकाचा गैरसमज व्हावा हाच त्यामागील हेतू.

तरीही ही फसवणूक काही काळ निभावून गेली, कारण तोवर काडतुसात काळी दारू होती. तिचा दाब तुलनेने मवाळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू आली आणि गणित बदलले. नव्या काडतुसाचा दाब त्या पिळलेल्या नळ्यांना अनेकदा पेलवेना. नळी फुटे, आणि फुटे ती बहुधा पुढच्या हाताच्या बोटांपाशी. स्वस्त दुनळीची खरी किंमत कॅटलॉगात छापलेली नव्हती.

दुनळी महाग का पडते, हे समजून घेतल्याविना पुढचा इतिहास कळत नाही. खर्च दुसऱ्या नळीच्या लोखंडाचा नाही. खर्च आहे तो दोन नळ्या जुळवण्याचा. दोन्ही नळ्यांचे छरे ठरावीक अंतरावर एकाच ठिकाणी पडावेत यासाठी त्या अगदी किंचित एकमेकींकडे कललेल्या ठेवून डाखाव्या लागतात. हे काम यंत्राचे नाही, अनुभवी हाताचे आहे. हात जितका स्वस्त तितकी जुळणी वाईट.

दुसरा पर्याय प्रामाणिक होता : एकनळी. आयव्हर जॉन्सन, स्टीव्हन्स, हॅरिंग्टन अँड रिचर्ड्सन या कारखान्यांनी ती यंत्रावर घाऊक प्रमाणात घडवली. एक पोलादी नळी, एक बिजागरी, एक कडी, एक घोडा. बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नव्हते. पाच-सहा डॉलरांत ती येई, म्हणजे शेतमजुराच्या जवळजवळ आठवड्याच्या मजुरीत. शेतावरच्या असंख्य मुलांच्या हाती पहिली बंदूक आली ती हीच. माझ्या मते परवडणाऱ्या शिकारी बंदुकीचा याहून निर्दोष नमुना त्या काळात नव्हता. तिचे दोष दोनच. वजनाने हलकी असल्याने खांद्याला दणका जोरात बसे. आणि नळीचे तोंड बहुधा पुरते आवळलेले असे, ज्याला ‘फुल चोक’ म्हणतात. अशा नळीतून छरे दूरवर दाट जातात; लांबच्या बदकाला ते उत्तम, पण पंधरा पावलांवरच्या सशाचे त्याने खाण्याजोगे काही उरत नाही.

आणि अर्थात, बार एकच.

ही उणीव भरून काढली ती यूटा प्रांतातील जॉन ब्राउनिंग या प्रतिभावंत बंदूककाराने. तत्पूर्वी स्पेन्सरची सरकत्या मुठीची बंदूक १८८२ मध्ये येऊन गेली होती, पण बाजारात खऱ्या अर्थाने रुजली ती ब्राउनिंगने रचलेली विंचेस्टर १८९७. नळीखाली काडतुसांची लांब पुंगळी. पुढची मूठ मागेपुढे केली की रिकामे काडतूस बाहेर व नवे आत. ती धूरविरहित दारूसाठी बळकट केलेली होती. साध्या बनावटीची किंमत २५ डॉलर. एकनळीच्या मानाने ती महागच, पण चांगल्या दुनळीच्या मानाने स्वस्त, आणि सुटे भाग यंत्रावर घडलेले. १९५७ पर्यंत तिचे उत्पादन चालले आणि दहा लाखांहून अधिक नग निघाले.

येथे थोडे थांबू. दुसरा बार स्वस्तात मिळवण्यासाठी दुसरी नळी गाळून टाकली, ही या यंत्राची मूळ युक्ती. पण एकदा पुंगळी आली की दोनवर थांबण्याचे कारणच उरत नाही. विंचेस्टरच्या पुंगळीत पाच काडतुसे मावत, नळीत एक. म्हणजे सहा बार. शेतकऱ्याला हवा होता दुसरा बार. तिसरा, चौथा, पाचवा आणि सहावा त्याला जवळपास फुकट मिळाले.

त्या फुकट बारांचा खरा लाभार्थी शेतकरी नव्हताच; तो होता बाजारासाठी मारणारा व्यावसायिक शिकारी. शहरांतील उपाहारगृहांना चेसापीक उपसागरावरची बदके हवी होती, रेल्वे व बर्फ ती पोहोचवीत होते. अर्थात सारा दोष बंदुकीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. प्रवासी कबुतरांचे अवाढव्य थवे संपले ते मुख्यतः जाळी, तारायंत्र, रेल्वे आणि जंगलतोड यांच्या संगनमताने, आणि तेही पंप बंदूक घरोघर पोहोचण्याआधीच. त्या जातीची अखेरची मादी मार्था १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. परंतु उरलेल्या पक्ष्यांच्या बाबतीत प्रश्न खराच होता. विल्यम हॉर्नाडे या न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाच्या संचालकाने १९१३ च्या आपल्या ग्रंथात पंप व स्वयंचलित बंदुकांवर कडाडून हल्ला चढवला. उत्पादक अर्थातच चवताळले.

कायदा हळूहळू आला. १९०० चा लेसी कायदा बेकायदा मारलेल्या पक्ष्यांच्या आंतरराज्य व्यापारावर. १९१८ चा कायदा स्थलांतरित पक्ष्यांवर, कॅनडासंबंधी ब्रिटनशी झालेल्या तहाच्या आधारे. मिसूरी राज्याने त्याला न्यायालयात आव्हान दिले आणि १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. पुढे तीसच्या दशकात दुष्काळाने पाणथळ जागा आटल्या, बदके झपाट्याने घटली, आणि १९३५ मध्ये संघीय नियम निघाला : स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनपेक्षा अधिक काडतुसे मावता कामा नयेत. बंदी यंत्रावर नव्हे, पुंगळीच्या लांबीवर. उपायही गमतीचा : पुंगळीत एक लाकडी खुंटी घालायची. ब्राउनिंगच्या बुद्धिमत्तेला एका काठीच्या तुकड्याने आवर घातला.

त्याहून दूरगामी ठरला १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा. शिकारी बंदुका व काडतुसांवरील अबकारी कर यापुढे वन्यजीव व अधिवास यांच्या पुनरुज्जीवनासाठी राज्यांना मिळणार. एक अट कडक : राज्याने शिकार परवान्यांचे शुल्क अन्यत्र वळवता कामा नये. जवळजवळ दिसेनाशा झालेल्या रानटर्कीला अनेक राज्यांत पुन्हा वसवता आले, त्यामागे हा पैसा आहे. म्हणजे त्या वर्षापासून प्रत्येक स्वस्त बंदुकीच्या किमतीत पक्ष्याचा थोडासा हिस्सा समाविष्ट झाला.

(भारतात हा प्रश्न निराळ्या वाटेने सुटला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीसाठी बंदूक निवडण्याचा प्रश्नच बहुतांशी मिटला.)

महायुद्धानंतर पंप बंदूक खऱ्या अर्थाने सर्वांची झाली. विंचेस्टरची मॉडेल १२ ही घडीव पोलादातून कोरून, हाताने जुळवून केलेली देखणी बंदूक. तिच्याशी स्पर्धा करताना रेमिंग्टनची मॉडेल ३१ मागे पडली होती. म्हणून रेमिंग्टनने १९५० मध्ये ८७० आणली. मधला सांगाडा भक्कम पोलादाचाच, पण चापाच्या यंत्रणेतील पुष्कळ भाग पत्र्यातून ठोकून काढलेले, आणि काही भाग कंपनीच्या स्वयंचलित बंदुकीशी सामाईक. नळी बदलण्यास कारागीर नको. ग्राहकाने स्वतः टोपण फिरवावे. विंचेस्टरला हा हिशेब पेलला नाही आणि १९६४ मध्ये मॉडेल १२ चे नियमित उत्पादन थांबले. ८७० चा एक कोटीवा नग २००९ मध्ये निघाला. काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, हे रेमिंग्टनला त्या वेळी अचूक उमगले होते. सिअर्सच्या कॅटलॉगाचा मार्ग मात्र १९६८ च्या कायद्याने बंद झाला. टपालाने घरपोच बंदूक मागवण्याचा काळ संपला.

राहता राहिले शिसे. तळ्यांच्या तळाशी साठलेले छरे बदके खडे समजून गिळत आणि विषबाधेने मरत. १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांना देशभर बंदी आली व पोलादी छरे आले. पोलाद शिशासारखे दबत नाही. जुन्या, पातळ, पुरत्या आवळलेल्या नळीतून ते सोडले तर नळीचे तोंड फुगण्याचा धोका असतो. त्यामुळे आजोबांची पाच डॉलरांची एकनळी, तपासून घेतल्यास, मिसूरीत ससा आणि खार यांच्यामागे आजही जाऊ शकते. बदकांच्या तळ्यावर मात्र तिला घरीच ठेवावे लागते.