शेरूच्या जेवणातली पूड

आमच्या शेरू या कुत्र्याच्या प्रत्येक जेवणात मी जी पूड कालवते, तिचा इतिहास पॅरिसमध्ये सुरू होतो. 1846 च्या सुमारास शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार सशांना मांस खाऊ घालून त्यांची आतडी तपासत होते. सशाच्या स्वादुपिंडाची नळी आतड्याला बरीच खाली मिळते. त्या जागेच्या पुढेच रसवाहिन्या चरबीने दुधाळ झालेल्या दिसत, अलीकडे नाही. चरबी पचायला स्वादुपिंडाचा रस लागतो, हे त्यांनी तिथे ताडलं. पुढे तोच रस त्यांनी जिवंत कुत्र्यांच्या पोटातून काढून अभ्यासला. त्या कुत्र्यांना विसरणं मला अन्यायाचं वाटतं. शेरूच्या अंगावर मांस चढतंय ते त्यांच्यामुळे.

1876 मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्यूने यांनी या रसातल्या प्रथिनं फोडणाऱ्या घटकाला ट्रिप्सिन हे नाव दिलं. पण कुत्र्यात तो कमी आहे हे ओळखणं अवघडच राहिलं. पशुवैद्य विष्ठेचं पाणी एक्स-रे फिल्मवर ठेवून तिच्यावरचं जिलेटिन विरघळतं का ते बघत. रक्तातल्या ट्रिप्सिनसारख्या घटकाचं प्रमाण मोजणारी भरवशाची टीएलआय चाचणी आली 1980 च्या दशकात. त्याआधी किती जर्मन शेफर्ड भरपूर खाऊनही खंगून गेले असतील! या जातीत स्वादुपिंडाच्या पेशी झिजण्याचा आजार जास्त आढळतो.

शेरूला कमी पडणारा हा रस भरून काढणारी पूड म्हणजे डुकराचं वाळवलेलं स्वादुपिंड. काही घरांत कच्चं स्वादुपिंडच बारीक करून गोठवून ठेवतात. दोन्ही शिजवायचं नाही, कारण उष्णतेने त्यातली पाचक विकरं निकामी होतात. शेरूला बी-12 ची इंजेक्शनंही लागतात.